गंधकाच्या एका अणूपाशी

हे सावकाश वाचायचं आहे. आसन, समई, उदबत्ती काही लागणार नाही. खुर्चीत असाल तर खुर्चीत बसा, लोकलमध्ये दांडा धरून उभे असाल तर तसेच राहा. घाई तेवढी नको. मधूनमधून थांबायला सांगेन, तिथे खरोखर थांबा. दोन श्वास जाऊ द्या, मग पुढची ओळ.

विषय ऐकून भुवया उंचावतील. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाला बाहेरचा बारीकसा रेणू चिकटला, तर त्या प्रथिनाच्या कामाचं काय होतं? मननाला मृत्यू, काळ, नदी, आकाश असले भारदस्त विषय शोभतात, असं आपल्याकडे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. ज्या गोष्टीकडे एकदा बघून भागत नाही ती मननाची. ही तशी आहे.

आधी शरीराकडे या. डोक्यावरचा एक केस दोन बोटांत धरा. ओढू नका, नुसता धरा. हा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा आहे आणि त्यात गंधक भरपूर आहे. केस जळल्यावर जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचा वाटा मोठा. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. नेहमीच्या वापरातली अमिनो आम्लं वीस, आणि त्यांतल्या फक्त दोघांत गंधक असतं: सिस्टीन आणि मेथिओनिन. सिस्टीनचं गंधक साखळीच्या बाजूला, टोकाशी असतं आणि त्याने एक हायड्रोजन धरलेला असतो. तो हायड्रोजन सोडून ते दुसऱ्या गंधकाशी जोडलं जाऊ शकतं. केसाचा ताठपणा अशा गंधक-गंधक जोडांवरच उभा आहे. पार्लरमध्ये केस सरळ करायला जे क्रीम लावतात त्यातलं द्रव्य हे जोड सोडवतं, आणि नंतर लावतात ते न्यूट्रलायझर जोड पुन्हा बांधतं, या वेळी नव्या जागी. म्हणजे हे रसायन तुमच्या ओळखीचंच आहे.

केस सोडा. आता मन बारीक करायचं. केसाची जाडी ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. आपल्याला ज्या रेणूपाशी बसायचं आहे तो जेमतेम ५ नॅनोमीटरचा. केसाच्या रुंदीवर असे दहा हजार तरी शेजारी शेजारी मावतील. एवढं लहान काही डोळ्यांपुढे आणता येत नाही, आणि आणायचा अट्टहासही नको. तो तिथे आहे एवढं पुरे.

थांबा. दोन श्वास.

हा रेणू म्हणजे एचआयव्हीचं प्रोटिएज. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीकडूनच स्वतःची प्रथिनं तयार करून घेतो. यांतली मुख्य प्रथिनं सुटी सुटी बनत नाहीत. लांबलचक साखळी एकसंध बनते, आणि ती ठरावीक ठिकाणी, दहाच्या आसपास जागी, कापल्याशिवाय तिचे तुकडे आपापल्या कामाला लागत नाहीत. कापण्याचं काम करणारं एन्झाइम म्हणजे प्रोटिएज, आणि तेही त्याच साखळीचा एक भाग असतं. ते बंद पडलं तर विषाणूचे कण तयार होतात, पेशीतून बाहेरही पडतात, पण दुसऱ्या पेशीला त्यांची लागण होत नाही. १९८८ साली हे प्रयोगाने दाखवलं गेलं: प्रोटिएजमधलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं आणि निघालेले कण निरुपद्रवी ठरले. १९८९ मध्ये या एन्झाइमची त्रिमिती रचना हाती आली. डिसेंबर १९९५ मध्ये ते बंद पाडणारं पहिलं औषध, सॅक्विनाविर, अमेरिकेत मंजूर झालं. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत, एकत्र औषधं देण्याच्या उपचारांमुळे, तिथले एड्सचे मृत्यू झपाट्याने उतरले. हा इतिहास इथे एवढाच. आपल्याला औषधापाशी नाही, त्याच्या अलीकडे थांबायचं आहे.

घरातला जुना अडकित्ता आठवा. दोन पाती, एक खीळ. एक पातं सुटं हातात घेतलं तर सुपारीवर ओरखडाही उठत नाही. दोन्ही खिळीत बसवून समोरासमोर आणली की सुपारी फुटते. एचआयव्हीचं प्रोटिएज असंच दोन भागांचं आहे. फरक इतकाच, की इथली दोन्ही पाती हुबेहूब सारखी, प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांची. प्रत्येकातलं २५ वं अमिनो आम्ल, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ही धार. १९८८ च्या प्रयोगात बदललं होतं ते हेच. दोन धारा समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू धरला जातो आणि त्याच्या मदतीने साखळी तुटते. खीळ म्हणून मात्र निराळा भाग नाही. दोन्ही पात्यांची पहिली चार आणि शेवटची चार अमिनो आम्लं एकमेकांत गुंफली जाऊन एक पट्टा बनतो, तीच खीळ. धार मध्यभागी, जोड तळाशी.

आता याच रचनेत गंधक शोधा. प्रत्येक पात्यात सिस्टीन दोन: एक ६७ व्या जागी, एक ९५ व्या. दोन्ही पात्यांची मिळून चार. गंमत अशी, की यांतलं एकही धारेपाशी नाही. ६७ वं बाहेरच्या अंगाला, पृष्ठभागावर. ९५ वं जोडाच्या अगदी लगत. कापण्याच्या रसायनात या चौघांचा वाटा शून्य. रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना तर त्यांचा त्रासच होता. हवेत राहिलं की ही गंधकं ऑक्सिजनशी अभिक्रिया करायला लागतात आणि नमुना बिघडतो. म्हणून कित्येक प्रयोगशाळांनी दोन्ही सिस्टीन काढून तिथे अ‍ॅलॅनिन हे निरुपद्रवी अमिनो आम्ल बसवलं. एन्झाइम पूर्वीसारखंच कापत राहिलं. हिशेब साधा: जे काढल्यावर काम अडत नाही, ते कामाचं नाही.

या हिशेबावर थोडं थांबू या, कारण आपणही तो रोज करतो आणि तो दर वेळी चुकतो असंही नाही. प्रयोगशाळेतल्या नळीत तो बरोबर होता. प्रश्न नळीचा नव्हताच. पेशी म्हणजे नळी नव्हे. पेशीत त्या गंधकाला शेजार असतो.

शेजारी कोण, ते आता बघायचं. त्यासाठी एक श्वास घ्या, नेहमीचाच, मुद्दाम खोल नको. आत गेलेला ऑक्सिजन रक्तातून पेशींत पोचतो आणि तिथल्या मायटोकॉन्ड्रियात त्याचं बहुतेक पाणी होतं. बहुतेक, सगळ्याचं नाही. थोडा भाग अर्धवट राहून हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या तिखट पदार्थांत बदलतो. या पदार्थांना आवरायला पेशीने एक छोटा रेणू बाळगलेला असतो: ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा, मधलं सिस्टीन. म्हणजे इथेही तेच गंधक, तोच हायड्रोजन. ग्लुटाथायोन आपला हायड्रोजन देऊन तिखटपणा शमवतं, आणि मग उघड्या पडलेल्या दोन गंधकांची जोडी जमते. पेशीची यंत्रणा ती जोडी पुन्हा फोडते, हायड्रोजन परत देते, आणि चक्र चालू राहतं. केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये या द्रव्याचं वर्णन केलं; जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हॉपकिन्स ते हेच. (आपल्याकडे हे नाव हल्ली गोरं करून देणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिरातींत भेटतं. पेशीतला इतका कष्टाळू रेणू आणि त्याच्या नावावर विकलं जातं काय, तर रंग. असो.)

हा श्वास सोडताना एवढंच ध्यानात ठेवा: हे चक्र या क्षणी तुमच्या प्रत्येक जिवंत पेशीत चालू आहे, आणि तुम्हाला त्याची यत्किंचितही चाहूल नाही.

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणू. जोडीत अडकलेलं ग्लुटाथायोन जवळून जाताना प्रथिनावरचं एखादं उघडं सिस्टीन दिसलं, तर जोडी मोडून एक रेणू त्या सिस्टीनला चिकटतो. गंधक गंधकाला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तिथल्या डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या प्रोटिएजबाबत हेच करून पाहिलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी सिस्टीन एकेक करून वेगळी तपासली: एकदा ९५ वर ग्लुटाथायोन चिकटवलं, एकदा ६७ वर.

९५ वर चिकटलं तेव्हा एन्झाइम पूर्ण बंद पडलं.

६७ वर चिकटलं तेव्हा बंद पडणं दूरच, कापण्याचा वेग उलट वाढला. शिवाय एन्झाइम जास्त टिकलं. हे प्रोटिएज एकटं ठेवलं तर स्वतःलाच कापू लागतं, हा त्याचा जुना अवगुण. तोही आटोक्यात आला.

थांबा. या वेळी दोनपेक्षा जास्त श्वास घ्या.

चिकटलेला रेणू तोच. चिकटण्याची रीत तीच, गंधक-गंधक जोड. एका पात्याचं वजन, अणूंच्या हिशेबात, १०,८०० च्या आसपास. चिकटून वाढलेलं वजन दोन्ही वेळी सारखंच, ३०५. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला विचारलं तर ते या दोहोंत काही फरक सांगणार नाही, आकडा तोच दाखवेल. फरक फक्त जागेचा. खिळीत खडा अडकला की अडकित्ता कामातून गेला; तेवढीच वस्तू मुठीपाशी असती तर हाताला जाणवलीही नसती, कदाचित पकड सुधारली असती. ९५ वं गंधक जोडाच्या लगत आहे, तिथे एवढा मोठा रेणू बसला की दोन पाती जुळतच नाहीत. धार शाबूत आहे, कुणीही तिला हात लावलेला नाही. पण समोर दुसरी धार यायची वाटच बंद झाली.

म्हणून ‘रासायनिक बदलाने एन्झाइम निकामी होतं’ हे वाक्य मला आळशी वाटतं. पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत येतं आणि विद्यार्थी परीक्षेत तसंच उतरवतात. खरं तर त्यात कर्ताही धड नाही आणि ठिकाणही नाही. काय चिकटलं याचं उत्तर मिळालं, म्हणजे निम्माच प्रश्न सुटला. कुठे चिकटलं, हा उरलेला निम्मा, आणि तोच वजनदार.

मनाला इथे एक काम देतो. तुमच्या ओळखीची एखादी व्यवस्था आठवा, सोसायटीची, शाळेची, ऑफिसची, कुठलीही. आणि जिचं काम न दिसता सगळं तिच्यावरून फिरतं अशी त्यातली एक जागा शोधा. नाव सापडलं की सोडून द्या. त्याचा उपदेश करायचा नाही. विषाणूकडे परत या.

चिकटलेलं सुटतं का? इथे रसायनाचा स्वभाव कामाला येतो. गंधक-गंधक जोड पक्का असतो, पण कायमचा नसतो. ग्लुटारेडॉक्सिन नावाचं एन्झाइम नेमकं हेच करतं: प्रथिनाला चिकटलेलं ग्लुटाथायोन उतरवून गंधक मोकळं करतं. त्याच गटाने १९९७ मध्ये दाखवलं, की ९५ वर ग्लुटाथायोन चिकटून निपचित झालेल्या प्रोटिएजला ग्लुटारेडॉक्सिन दिलं की ते पुन्हा कापायला लागतं. आणि याच कामात आणखी एक गोष्ट सापडली, जी मला त्याहून मोठी वाटते: ग्लुटारेडॉक्सिन खुद्द एचआयव्हीच्या कणाच्या आत आढळलं. एचआयव्हीची सगळी जनुकं मिळून नऊ. त्यांत ग्लुटारेडॉक्सिनचं जनुक नाही. ते आपलं आहे, माणसाचं. पेशीतून बाहेर पडताना कणाच्या पोटात आपलंच एन्झाइम गेलेलं असतं.

आपल्या पेशीतला एक रेणू विषाणूच्या पात्यावर बसून ते थांबवतो. आपल्याच पेशीतला दुसरा रेणू त्याला तिथून उठवतो. या गोष्टीत आपली बाजू कोणती आणि विषाणूची कोणती, हे सांगायला गेलं की जीभ अडखळते. तिला अडखळू द्या. बाजू ठरवायची घाई नाही.

आता शंका येईल, यायलाच हवी: नळीतला हा खेळ विषाणूच्या जगण्यात काही अर्थाचा आहे का? या शंकेला सरळ उत्तर नाही, पण एक वाट आहे, आणि ती एचआयव्हीच्या धाकट्या भावंडाकडून जाते. एचआयव्ही-२ हा पश्चिम आफ्रिकेत जास्त आढळणारा विषाणू. एचआयव्ही-१ चिंपांझीकडून माणसात आला, एचआयव्ही-२ सूटी मँगबी नावाच्या माकडाकडून. दोघांची घराणी वेगळी. एचआयव्ही-२ च्या प्रोटिएजमध्ये सिस्टीन एकही नाही. मग जोडालगतच्या ९५ व्या जागी काय आहे? मेथिओनिन. आठवतं? गंधक असलेलं दुसरं अमिनो आम्ल. मेथिओनिनला ग्लुटाथायोन चिकटत नाही, पण त्याच्या गंधकावर ऑक्सिजनचा एक अणू बसू शकतो. तो ९५ वर बसला की हे प्रोटिएजही थांबतं. आणि तो अणू काढून घेणारं एन्झाइमही पेशीत असतं. त्याने तो काढला की काम पुन्हा सुरू होतं. मानवात आढळणाऱ्या आणखी एका रेट्रोव्हायरसच्या, एचटीएलव्ही-१ च्या प्रोटिएजवरही असाच गंधकाचा, असाच उलट फिरवता येणारा ताबा पुढे दिसून आला.

वेगळ्या घराण्यांतले विषाणू, वेगळी अमिनो आम्लं, पण जोडापाशी हटकून एक असं गंधक, जे ऑक्सिजनचा कल पाहून जोड तोडतं आणि पुन्हा जुळू देतं. योगायोग म्हणून सोडून द्यायला हे जरा जास्तच आहे.

विषाणूला स्वतःचंच हत्यार थांबवायची गरज का पडावी? इथे वेळेचा विचार करा. कापण्याची वेळ चुकली तर विषाणूचंच नुकसान. प्रोटिएज पेशीच्या आतच, कण जुळायच्या आधी सुटलं तर साखळ्यांचे तुकडे होतात आणि कण बनतच नाही. पेशीच्या पडद्याशी साखळ्या गोळा व्हायला हव्यात, त्यांचा गोल कण बनायला हवा, तो बाहेर पडताना किंवा पडल्यावर कापाकापी सुरू व्हायला हवी; तेव्हा कुठे आतल्या गोल कवचाचा शंकू होतो आणि कण लागण करण्याजोगा होतो. म्हणजे धार असूनही ती योग्य क्षणापर्यंत न वापरणं, हा या विषाणूच्या जगण्याचा भाग आहे. जोडाजवळचं गंधक हा त्या रोखून धरण्याचा एक उपाय असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की लांब साखळीत अजून अडकलेल्या प्रोटिएजचा पहिला काप असा उलट फिरवता येणाऱ्या ऑक्सिडेशनने रोखता येतो. मला हा अंदाज पटतो. पटण्याचं कारण रसायनापेक्षा जास्त त्या ९५ व्या जागेत आहे.

इथे हवं तर वाचन थोडं बाजूला ठेवा. पाणी प्या.

पुढचा भाग २०२० चा आहे आणि तो तुम्हाला अंगावर आठवेल. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच शांघायच्या शास्त्रज्ञांनी नव्या करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची रचना जगापुढे ठेवली. काम तेच, लांब साखळी कापणं. इथे साखळी ७ हजारांहून जास्त अमिनो आम्लांची आणि कापायच्या जागा किमान अकरा. पातीही दोनच, सारखी, प्रत्येकी ३०६ अमिनो आम्लांची, आणि एकटं पातं इथेही निकामी. पण धार बदलली. इथे कापण्याचं काम सिस्टीनच करतं, १४५ व्या जागेवरचं, शेजारच्या हिस्टिडिनच्या मदतीने. शिवाय प्रत्येक पात्यात सिस्टीन एकूण बारा. एचआयव्हीच्या दोनांपुढे ही रेलचेलच.

बेथेस्डाच्या त्याच गटाने पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न या नव्या एन्झाइमला विचारला. ग्लुटाथायोन चिकटवलं तर? एन्झाइम थांबलं. सगळ्यांना वाटलं असतं की धारेवरचं १४५ बंद झालं असणार. गंधक तिथेच आहे, काम तेच करतं, संशय जाणार तिथेच. २०२१ मध्ये छापलेलं उत्तर वेगळं निघालं. दोषी ३०० वं सिस्टीन होतं. धारेपासून लांब, साखळीच्या शेपटाकडे, दोन पात्यांच्या जोडापाशी. ३०० व्या जागी सिस्टीनऐवजी सेरिन बसवलं तर एन्झाइम व्यवस्थित कापतं, आणि मग ग्लुटाथायोनने थांबतही नाही. म्हणजे हे गंधक कामाला लागत नाही, पण काम थांबवायला मात्र तेच पुरतं. ग्लुटाथायोन चिकटलेलं एन्झाइम सुट्या पात्यांच्या रूपात सापडलं, आणि ग्लुटारेडॉक्सिनने पुन्हा कामाला लागलं.

एचआयव्ही आणि करोना यांचं नातं जवळपास नाहीच. एकाच्या प्रोटिएजची धार अ‍ॅस्पार्टिक आम्लाची, दुसऱ्याची सिस्टीनची. घडणही सर्वस्वी निराळी. तरी दोघांच्या जोडापाशी एकेक फालतू वाटणारं गंधक.

दोन श्वास.

आता धारेवरच्या गंधकाकडे वळू, कारण औषध तिथे आहे आणि फसगतही तिथेच आहे. २०२० मध्ये हातात असलेली हजारो जुनी औषधं या प्रोटिएजवर घालून बघायची लाट आली. काही चमकली. एब्सेलेन नावाचं सेलेनियमयुक्त द्रव्य, दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम, आणखी काही. सगळी प्रोटिएज थांबवत होती. बातम्याही आल्या. मग अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने तीच परीक्षा एक साधी गोष्ट बदलून घेतली: नळीत गंधकाला हायड्रोजन पुरवणारं, म्हणजे पेशीतल्या वातावरणाच्या जवळ जाणारं एक द्रव्य घातलं. बहुतेकांचा प्रभाव गळून पडला. ही द्रव्यं दिसेल त्या उघड्या गंधकाला धरत होती. विषाणूच्या प्रोटिएजशी त्यांची खास ओळख नव्हतीच. नळीत धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यालाच धरून बसली होती. पेशीत ग्लुटाथायोनचं प्रमाण १ ते १० मिलिमोलर असतं, विषाणूच्या प्रोटिएजच्या मानाने अफाट. अशा गर्दीत गंधक दिसलं की चिकटणारं औषध नेमक्या जागी पोचणार तरी कधी?

याच १४५ व्या गंधकाला धरणारं, पण आधी सगळ्या रचनेत नीट बसून मगच त्याला धरणारं औषध म्हणजे निर्माट्रेलविर. त्याच्या टोकाला कार्बन-नायट्रोजनची एक जोडी आहे. औषध योग्य जागी बसलं की १४५ चं गंधक त्या कार्बनला जोडलं जातं. तो जोडही उलट फिरू शकतो. अमेरिकेत २२ डिसेंबर २०२१ रोजी त्याला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. ते एकटं देत नाहीत, रिटोनाविर या दुसऱ्या औषधाबरोबर देतात, म्हणजे यकृत त्याला लगेच मोडून टाकत नाही. रिटोनाविर मुळात कशासाठी घडवलं होतं? एचआयव्हीचं प्रोटिएज थांबवण्यासाठी.

सगळ्याच रासायनिक बदलांना अशी जागेची चाड असते असं मात्र समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या करोना विषाणूवरून भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन बनवली. तिच्यासाठी विषाणू मारायला बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरलं. हे द्रव्य विषाणूच्या जनुकीय द्रव्याला चिकटतं, सिस्टीनला, मेथिओनिनला, हिस्टिडिनलाही चिकटतं, आणि उतरत नाही. तिथे नेमकेपणा नकोच होता. कण पुन्हा वाढता कामा नये आणि बाहेरून मात्र पूर्वीसारखा दिसावा, एवढंच हवं होतं.

आता मन पुन्हा शरीरावर आणा. हाताची बोटं हलवा. एवढा वेळ श्वास चालू होता, ऑक्सिजन आत येत होता, ग्लुटाथायोनच्या जोड्या जमत होत्या आणि फुटत होत्या. एचआयव्हीची लागण झालेल्यांत हे द्रव्य कमी पडतं, हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नोंदलेलं आहे. पण त्यावरून ग्लुटाथायोनच्या गोळ्या खाऊन विषाणूचं पातं अडकवता येईल असा अर्थ कुणी काढला, तर तो वरचं काहीच न वाचल्यासारखा आहे. ६७ व्या जागी तेच द्रव्य विषाणूला हातभार लावतं, हे विसरू नका. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती वेळच्या वेळी घ्यावीत. प्रोटिएजच्या मधोमध, धारेपाशी नेमकं बसायचं काम त्यांतली प्रोटिएज रोखणारी औषधं करतात.

पुढच्या साथीत, आणि ती येईलच, अमुक पदार्थाने विषाणूचं एन्झाइम बंद पडतं अशी बातमी तुमच्या ग्रुपवर फिरेल. हळद असेल, काढा असेल, एखादी जुनी गोळी असेल. बातमी पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारा: कुठल्या जागी चिकटलं, आणि नळीत ग्लुटाथायोन होतं का? उत्तर बातमीत नसेल तर ती पुढे पाठवू नका, आणि केमिस्टकडेही धावू नका.